अंथरुणातला रवा

सासूबाईंच्या अंथरुणात पहिल्यांदा रवा सापडला तो गणपतीच्या सुमारास. रवा म्हणजे रव्यासारखं काहीतरी. तांबूस, खमंग भाजलेल्या रव्याच्या रंगाचं, कोरडं. सकाळी चादर झटकायला गेले तर उशीच्या कडेला चिमूटभर. मी विचारलं, "आई, रात्री अंथरुणात बसून लाडू खाल्लात का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "हे वरून पडतं."

वर म्हणजे माळा. डोंबिवली पूर्वेतल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात सासूबाईंची खोली सगळ्यात लहान. पलंगाच्या बरोबर वर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लाकडी माळा. घर घेतलं तेव्हाच करून घेतलेला. मी मान वर करून बघितलं. खालून रंगवलेल्या फळ्या, आणखी काही नाही. मी चादर झटकली आणि कामाला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार दिवसांनी पुन्हा. दर वेळी त्या सांगायच्या, "वरून पडतं." दर वेळी मी हो हो म्हणायचे.

मी ठाण्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. वाळवी मला कुणी शिकवायची गरज नाही, असं तेव्हा माझं मत होतं. तळमजल्यावरचं ग्रंथालय, ओल धरलेल्या भिंती, कपाटामागून वर चढणाऱ्या मातीच्या रेघा, हे सगळं मी वीस वर्षं बघत आलेय. त्यामुळे एका रविवारी मी स्टुलावर चढून, टॉर्च मारून माळ्याचे कोपरे बघितले. मातीची एकही रेघ नाही. खाली उतरून मी निकाल दिला, "आई, ही वाळवी नाही. वाळवी असती तर माती दिसली असती. मी रोज बघते ना."

"मग हे काय आहे?"

"लाडवाचे कण आहेत. नाहीतर टोस्टचे."

आणि त्यांच्या उशाशी असायचा तो लाडवाचा डबा मी उचलून स्वयंपाकघरात नेला. एक्याऐंशी वर्षांच्या बाईचा डबा.  त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. आज हे लिहिताना माझे कान गरम होतात.

सासूबाई ठाण्याच्या कोर्टात टायपिस्ट होत्या. एकतीस वर्षं. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश सांगतात, या टाइप करतात. त्यामुळे त्यांनी काय केलं असेल? रोज सकाळी मी येण्याआधी त्या ते कण बोटाने गोळा करायच्या, वर्तमानपत्राच्या कागदात पुडी बांधायच्या आणि पुडीवर तारीख टाकायच्या. दिवाळीपर्यंत अशा तीसएक पुड्या झाल्या. त्या त्यांनी एका रात्री जेवण झाल्यावर आपल्या मुलासमोर, म्हणजे माझ्या नवऱ्यासमोर ठेवल्या.

"डबा नेल्यावरच्या या," त्या म्हणाल्या. "आता सांग, लाडू कुठून आला?"

इतका साधा, इतका बिनतोड प्रश्न. आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. नंतर आमच्या खोलीत आल्यावर नवरा मला हळूच म्हणाला, "पुड्या बांधून ठेवतेय गं ती. हे काहीतरी वेगळंच सुरू झालंय."

मी म्हटलं, "डॉक्टरांना दाखवू या."

पुरावा आणून समोर ठेवला तर तो पुरावा हेच आमच्यासाठी आजाराचं लक्षण झालं. तिथल्या तिथे एक पुडी उघडून उजेडात धरायला दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

त्या विसरायच्या, हे खरं आहे. एकदा दूध ठेवून गॅस तसाच राहिला होता. शेजारणीला स्वतःच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारायच्या. पण विसरणं वेगळं आणि नसलेलं दिसणं वेगळं. हा फरक आम्हाला कळायला हवा होता. ठाण्याला डॉक्टरांकडे नेलं. तरुण, सभ्य माणूस. त्याने घड्याळ काढायला सांगितलं, वार विचारला, तीन शब्द लक्षात ठेवायला दिले. घड्याळ बरोबर आलं, वार चुकला, तीनपैकी दोन शब्द आठवले. मग माझ्या नवऱ्याने पुढे वाकून सांगितलं, "डॉक्टर, तिला वाटतं छतातून काहीतरी अंगावर पडतं."

"आजी, आणखी काय काय दिसतं तुम्हाला?"

"मला काही दिसत नाही," सासूबाई म्हणाल्या. "ते पडतं."

डॉक्टरने आमच्याकडे बघितलं. मी मान हलवली. होकाराची मान. त्याने फायलीत लिहिलं, रुग्णाला भास होतात. आणि रात्री घ्यायची एक गोळी दिली.

गोळीने त्या सकाळी दहा-दहापर्यंत झोपायला लागल्या. उठल्या तरी डोळे जड, बोलणं संथ, चालताना भिंतीचा आधार. वर्तमानपत्राची घडी तशीच पडून राहायची. आणि रव्याबद्दल बोलणं बंद झालं. चादरीवर मात्र तो पडतच होता, मी झटकतच होते. त्या बोलत नाहीत म्हणून आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. नवरा फोनवर त्याच्या मावशीला सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय, "गोळी लागू पडली, आता खूप शांत आहे."

जानेवारीत घराचं काम काढलं. स्वयंपाकघर, बाथरूम, मग खोल्या. ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर मिळाला. गोड बोलणारा, हातात सतत दोन फोन. "मॅडम, टेन्शन नका घेऊ, घर ओळखू येणार नाही," हे त्याचं पालुपद. सासूबाईंच्या खोलीतला माळा काढायचा नाही, त्यालाच खालून प्लाय ठोकून वर सनमायका लावायचा, असं ठरलं. कुणी ठरवलं? त्याने आणि नवऱ्याने. मी फक्त सनमायकाचा रंग निवडला.

स्वयंपाकघर फोडायचं म्हणून तिथलं सगळं सामान हलवणं आलं. कुठे ठेवणार? माळ्यावर. पितळेची भांडी, धान्याचे डबे, जुना मिक्सर, आणि पाटा-वरवंटा. पाटा मीच दोन्ही हातांनी उचलून खालून वर दिला, नवऱ्याने स्टुलावरून घेतला आणि पुढच्या फळीवर सरकवला. त्या फळीखाली सासूबाईंची उशी होती.

काम सुरू होऊन दोन आठवडे झाले असतील, सासूबाई पहाटे बाथरूमला जाताना पडल्या. हाड मोडलं नाही, एवढंच. कंबरेवर तळहाताएवढा काळानिळा डाग. सगळे म्हणाले, वय झालं. मीही म्हणाले.

त्यानंतर आठवडाभराने ग्रंथालयात परीक्षेची बाकं लावायची होती, म्हणून मला दुपारी लवकर सोडलं. घरी आले तर दार उघडंच. हॉलमध्ये फरशांचे गठ्ठे, सगळीकडे पांढरी धूळ. सासूबाईंच्या खोलीतून आवाज येत होता. त्यांचा आवाज. कितीतरी आठवड्यांत न ऐकलेला, स्पष्ट, थांबत थांबत बोलणारा.

"तुम्ही सुतार आहात?"

"हां आजी."

"किती वर्षं?"

"चाळीस होतील."

हा सुतार आंबिवलीहून यायचा. साठीच्या पुढचा, कमी बोलणारा, कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांत एकटाच मराठी. मी दाराशीच उभी राहिले. सासूबाई पलंगावर ताठ बसल्या होत्या आणि त्यांच्या तळहातावर उघडी पुडी होती.

"मग हे काय आहे ते सांगा."

त्याने पुडीकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली.

"ओळखता की नाही?"

"आजी, मना नका इचारू."

"मी तुम्हालाच विचारतेय. ओळखता की नाही, एवढंच सांगा."

"ओळखतो."

"काय आहे?"

"शेटनी सांगितलंय, बोलायचं नाय."

"शेट इथे झोपतो का?" सासूबाईंनी बोट वर केलं. "इथे मी झोपते."

 त्या माणसाने खांद्यावरचा टॉवेल पलंगाच्या कठड्यावर ठेवला, स्टूल ओढलं, वर चढला आणि माळ्याच्या पुढच्या फळीच्या कडेला त्याने नुसता अंगठा दाबला. जोर लावून नाही, आपण आंबा पिकलाय का बघतो तसा. अंगठा आत गेला. रंगाचा पापुद्रा तेवढा चिरला आणि आतून तो तांबूस रवा भळाभळा सासूबाईंच्या चादरीवर ओतला.

माझ्या तोंडून काय आवाज निघाला कुणास ठाऊक. दोघांनी वळून बघितलं.

"वालवी हाय, ताई," सुतार म्हणाला. "सुक्या लाकडातली. ही माती नाय आनत. आतल्या आत खाते, आन घाण बारक्या भोकातनं खाली टाकते. तोच हा रवा." त्याने खिशातल्या पेन्सिलीचं टोक फळीला टेकवून दाखवलं. टाचणीने टोचल्यासारखी भोकं. मी टॉर्च मारून मातीच्या रेघा शोधल्या होत्या आणि या भोकांवरून माझी नजर दहा वेळा गेली होती.

"तुम्हाला कधी कळलं?"

"पैल्या आठवड्यातच. मी शेटला सांगितलेलं. शेट बोलला, सायबांना सांगतो. सांगितलं पन."

"कोणत्या साहेबांना?"

"तुमच्या."

मी हिशेब लावला. पहिला आठवडा, म्हणजे तीन आठवड्यांपूर्वी. सासूबाई पडायच्या आधी. मला आठवतं, पहिल्यांदा मला राग आलाच नाही. राग जरा वेळाने आला आणि आला तो अजून पूर्ण गेलेला नाही.

आधी सासूबाईंना उठवून हॉलमध्ये खुर्चीवर बसवलं. मग पलंग ओढून बाहेर काढला. सुतार वर, मी खाली, असं सगळं सामान उतरवायला घेतलं. पाट्यापाशी आल्यावर तो म्हणाला, "ताई, खालनं बाजूला व्हा. पार बाजूला." त्याने पाटा इंच इंच भिंतीकडे सरकवत नेला आणि मग उचलला. पाटा उचलल्यावर फळी मधोमध खाली वाकलेली दिसत होती. ती त्याने एका हाताने उपटून माझ्याकडे दिली. सहा फुटांची जाड फळी. मी एका हातात धरून दाराबाहेर नेऊन ठेवली, इतकी ती हलकी होती. भिंतीला टेकवताना खालचा तुकडा माझ्याच हातात राहिला.

माझ्या पर्समध्ये बारीक अक्षर वाचायचं भिंग असतं. सासूबाईंच्या पुडीतले दाणे मी भिंगाखाली धरले. सगळे एका मापाचे, लांबट, कडा असलेले. लाडवाशी त्यांचा काहीही संबंध नव्हता. हे बघायला दहा सेकंदं लागली. गणपतीपासून जानेवारीपर्यंत ते भिंग त्याच पर्समध्ये होतं.

मी कॉन्ट्रॅक्टरला फोन केला. तो तासाभरात आला, बाहेर ठेवलेल्या फळ्या बघून आधी सुताराकडे वळला. "तुला कोणी सांगितलं तोंड उघडायला?"

"मी," हॉलमधून सासूबाई म्हणाल्या. "मी विचारलं, त्यांनी उत्तर दिलं."

तो हसला. म्हाताऱ्या माणसांसाठी राखून ठेवलेलं ते हसू असतं ना, तसं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, एवढं काय त्यात. जुन्या घरात सगळीकडे असतं हे. आपण वरून केमिकल मारून प्लाय बसवणार होतो. एकदा सनमायका लागला की काही दिसणारच नव्हतं."

"दिसणार नव्हतं?"

"म्हणजे तसं नाही मॅडम..."

"या फळीवर मी पाटा ठेवलाय! खाली माझी सासू झोपते! आणि तुम्ही मला सांगताय दिसणार नव्हतं?"

मी जन्मात इतक्या मोठ्याने ओरडले नसेन. ग्रंथालयात वीस वर्षं लोकांना गप्प बसवणारी बाई मी. समोरच्या ब्लॉकचं दार उघडल्याचा आवाज आला. येऊ दे, म्हटलं, ऐकू दे. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "मी साहेबांशी बोलतो, तुम्ही जरा शांत व्हा." हे ऐकल्यावर तर माझं डोकंच फिरलं. पुन्हा साहेब. घरात मी राहते, घर मी पुसते, त्या खोलीतली चादर मी रोज झटकते आणि घराला काय झालंय हे मला सोडून सगळ्यांना माहीत. "चालते व्हा," मी म्हटलं. "तुमची हत्यारं, तुमची माणसं, सगळं घेऊन आत्ता चालते व्हा." सुताराला मात्र सांगितलं, "मामा, तुम्हाला पुढचं काम करायचं असेल तर आमच्याकडे या. दुसरा कुणी मला नकोय." तो म्हणाला, "उद्या सांगतो." त्याचंही पोट होतं, त्या माणसासमोर तो आणखी काय बोलणार? दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्वतःची पेटी घेऊन दारात हजर होता.

नवरा संध्याकाळी आला. दारातल्या फळ्या बघितल्या आणि त्याचा चेहरा उतरला. म्हणजे ओळखलं त्याने. तेव्हा माझी उरलीसुरली शंका गेली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हटलं.

तो फरशांच्या गठ्ठ्यावर बसला. "तो म्हणाला थोडीशी वाळवी आहे, औषध मारतो. काम थांबलं असतं. आईला कुठे हलवणार होतो आपण? आणि तू चिडली असतीस."

"मी चिडेन म्हणून?"

"तुला त्रास नको म्हणून."

"आणि रवा? आई पाच महिने बोंबलून सांगतायत वरून पडतं. तुम्हाला कळलं माळ्याला वाळवी आहे. तरी रोज रात्री तुम्ही त्यांना ती गोळी देत होतात. स्वतःच्या हाताने. पाण्याचा ग्लास पुढे करून."

"माझ्या डोक्यात ते दोन्ही जोडलंच गेलं नाही गं. खरंच नाही."

मला आजही ठरवता येत नाही की हे खरं मानावं की नाही. कदाचित खरं असेल. माणसाला जे जोडायचं नसतं ते तो जोडत नाही. पण त्या क्षणी मला काही समजून घ्यायचं नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच मी त्याला अरेतुरे केलं. "तू आईला वेडी ठरवलंस! जिवंत बाईला झोपवून ठेवलंस, पाडलंस, आणि वर लोकांना सांगत फिरलास, शांत आहे म्हणून!"

"तू पण," सासूबाई म्हणाल्या.

मी थांबले.

त्या खुर्चीवरून माझ्याकडे बघत होत्या. आवाज चढवलेला नव्हता. "डॉक्टरसमोर मान कुणी हलवली? डबा कुणी नेला? त्याच्यावर एकट्यावर घालू नकोस. दोघांनी मिळून केलंत." मग म्हणाल्या, "आणि गोळीचं म्हणशील तर पडले त्या दिवसापासून मी ती घेत नाही. गालात धरते आणि नंतर थुंकते. म्हणून तर आज बोलता आलं."

पुढच्या रविवारी आम्ही अख्खं घर तपासलं. आम्ही म्हणजे सुतार, मी आणि सासूबाई. सुताराने मला शिकवलं. स्क्रूड्रायव्हरची मूठ लाकडावर आपटत जायचं, हातभर अंतर सोडून. धड लाकूड टणक आवाज देतं, खाल्लेलं भदभद वाजतं. तिथे टोक दाबून बघायचं, भोकं शोधायची, खिडकीच्या खाचेत वाळवीचे गळून पडलेले पंख शोधायचे. सासूबाई मधोमध खुर्ची टाकून, मांडीवर वही घेऊन बसल्या. मी ओरडून सांगायचे, त्या लिहायच्या. हॉलच्या दाराची डावी चौकट, खालून गुडघ्यापर्यंत पोकळ. त्यांच्या खोलीच्या खिडकीची खालची पट्टी, पूर्ण गेलेली. शोकेसची पाठ, वरचा कोपरा. एकदा मी "बहुतेक ठीक आहे" म्हटलं तर त्या म्हणाल्या, "बहुतेक नको. पुन्हा वाजव." मी पुन्हा वाजवलं. ती चौकटही गेलेली निघाली. नवरा सगळा वेळ बाहेर गॅलरीत उभा होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही आणि त्याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

खराब लाकूड सगळं उपटून काढलं, उरलेल्याला भोकं पाडून औषध भरलं. दोन दिवस उलटले आणि सासूबाई म्हणाल्या, "मला त्या डॉक्टरकडे घेऊन चला."

"कशाला आई? गोळी तर बंदच केलीय."

"गोळी बंद केलीय. लिहिलेलं तसंच आहे."

गाडी करून ठाण्याला गेलो, तिघंही. त्या एक कापडी पिशवी घेऊन निघाल्या होत्या. मला वाटलं पुड्या असतील. पुड्या होत्याच. त्यांनी त्या डॉक्टरच्या टेबलावर ओळीने मांडल्या, तारखेप्रमाणे, शेवटी फळीचा एक तुकडा ठेवला. "दाबून बघा," म्हणाल्या. डॉक्टरने दाबला. तुकड्याचा भुगा झाला. तो आमच्याकडे बघायला लागला. या वेळी मी मान हलवली नाही, तोंडाने बोलले. सगळं सांगितलं, माझ्यासकट.

तो खरोखर ओशाळला. "आजी, माझी चूक झाली. मी विचारायला हवं होतं. हे मी काढून टाकतो."

"काढू नका," सासूबाई म्हणाल्या. "एक रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहा. तारीख घाला आणि सही करा."

त्याने तसंच केलं. मग जरा घाबरतच म्हणाला, "एकदा पुन्हा ते तीन शब्द विचारू का?" त्यांनी होकार दिला. या वेळी एकच आठवला.  नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. सासूबाई मात्र अजिबात गडबडल्या नाहीत. "विसरते मी," म्हणाल्या. "ते लिहा. ते खरं आहे."

खाली आल्यावर त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "कोपरीला घ्या." कोपरीत त्यांची धाकटी बहीण राहते. पिशवीत पुड्यांच्या खाली दोन साड्या होत्या, चष्मा होता, दातांची डबी होती. सगळी तयारी करूनच निघाल्या होत्या. नवरा म्हणाला, "आई, काम संपेपर्यंतच ना?"

"बघू," त्या म्हणाल्या. "बोलले की ऐकतात अशा ठिकाणी जरा राहते."

आम्ही दोघं त्याच गाडीने डोंबिवलीला परतलो.

त्या सात आठवडे राहिल्या. नवरा ऑफिस सुटलं की रोज कोपरीला जायचा. बहीण चहा द्यायची, आई समोर बसायची, बोलायची नाही. तो घरी येऊन म्हणायचा, "आजही नाही बोलली." मी म्हणायचे, "बरं केलं." मी जायचे शनिवारी. माझ्याशी बोलायच्या, पण कामापुरतं. एका शनिवारी मी न राहवून म्हटलं, "आई, माझं चुकलं. मला माफ करा."

"त्याचं मी काय करू?" त्या म्हणाल्या. "घरी काय चाललंय ते सांग."

मी सांगितलं. माळा काढून टाकला, पुन्हा करणार नाही. खिडक्या ॲल्युमिनियमच्या केल्या. हॉलची चौकट दगडी बसवली. त्या एकेक विचारत गेल्या. शोकेसचं काय केलंस? औषध किती ठिकाणी भरलं? वास येतो का अजून? मी वही काढून वाचून दाखवत होते. तासभर असं झाल्यावर त्या उठल्या, चपला शोधल्या आणि म्हणाल्या, "चल. रिक्षा बघ."

आता त्या घरी आहेत. विसरणं वाढलंय. कधी जेवल्याचं आठवत नाही, कधी दुपारीच विचारतात की सकाळ का झाली नाही. पण त्या काही म्हणाल्या की मी उठते आणि जाऊन बघते. नळ गळतोय म्हणाल्या, गळत नव्हता. दाराशी कुणी आलंय म्हणाल्या, कुणी नव्हतं. जिन्यात जळका वास येतोय म्हणाल्या, तेव्हा खरंच मीटरच्या पेटीतून धूर येत होता.

माझं आणि नवऱ्याचं मात्र अजून धड नाही. बोलतो, जेवतो, एकत्र बाजारात जातो, आणि मग कशावरूनही सुरू होतं. भाजी कुठली, पंखा किती वर, काहीही असो, तिसऱ्या वाक्याला मी त्या तीन आठवड्यांवर येते. तो म्हणतो, किती वेळा माफी मागू? मी म्हणते, मला माफी नको, तुम्ही मला सांगितलं का नाही ते सांगा.  

घरात आवाज चढला की सासूबाई हातातलं वर्तमानपत्र खाली करतात. "माझ्यासमोर नाही," म्हणतात. "खाली जाऊन करा." मग आम्ही दोघं चपला घालून तीन मजले उतरतो, कंपाउंडच्या भिंतीशी लावलेल्या स्कूटरींमध्ये उभे राहतो आणि भांडतो. वॉचमन खुर्ची उचलून गेटाच्या पलीकडे जाऊन बसतो. गेल्या रविवारी अर्धा तास चाललं. शेवटी तो म्हणाला, "मला भीती वाटलेली. काम अर्धवट राहील, आईला घेऊन कुठे जाऊ, तुला काय सांगू, सगळ्याचीच. म्हणून गप्प बसलो." इतक्या महिन्यांत हे त्याने पहिल्यांदा म्हटलं. मी म्हटलं, "हे तेव्हा सांगायचं होतं." तो म्हणाला, "हो." मला आणखी बोलायचं होतं, पुष्कळ बोलायचं होतं, पण वरच्या गॅलरीतून सासूबाईंनी विचारलं की झालं का, कुकरच्या किती शिट्या घेऊ, आणि मी धावतच जिना चढले, कारण त्यांनी गॅस लावला होता.